बिबट्या मूळचा कुठला?

बिबट्या दिसला की गावातून पहिली मागणी पिंजऱ्याची होते आणि दुसरी त्याला जंगलात नेऊन सोडण्याची. आताच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, पारनेर या तालुक्यांत ही मागणी इतक्या वेळा झाली आहे की आता ती रीतच होऊन बसली आहे. तिच्यामागे एक गृहीत आहे: बिबट्या मूळचा जंगलातला, जंगल तुटले, खायला उरले नाही, म्हणून तो वाट चुकून ‘मानवी वस्तीत शिरला’. वर्तमानपत्रांचे मथळे हेच सांगतात, वनखात्याचा कारभार बरीच वर्षे याच समजुतीवर चालला, आणि बिबट्याचा कळवळा असणारा शहरी वाचकही हेच धरून चालतो. फरक एवढाच, की शेतकरी म्हणतो त्याला परत न्या आणि शहरी माणूस म्हणतो त्याचे जंगल त्याला परत द्या. दोघांच्याही मते बिबट्याचा खरा पत्ता दुसरीकडे कुठेतरी आहे. वन्यजीव-अभ्यासक विद्या अथ्रेया यांचे काम मोलाचे ठरते ते या ठिकाणी. त्यांनी हे गृहीत मोजून तपासले, आणि त्यासाठी राष्ट्रीय उद्यान न निवडता प्रवरेच्या खोऱ्यातली बागायती शेते निवडली. त्यातून जे हाती आले ते जितके बिबट्याबद्दल आहे तितकेच आपल्या अरण्याच्या कल्पनेबद्दल: वन्यता ही जागेच्या सातबाऱ्यावर लिहिलेली नसते, ती प्राण्याच्या वागण्यात असते आणि माणसाच्या अंगणालगतही टिकू शकते. हे मान्य केले तर धोरण बदलावे लागते. अर्धेच मान्य केले तर त्याची किंमत भलताच माणूस मोजतो.

आधी पुरावा पाहू. अकोले तालुक्याच्या बागायती भागात 2008 च्या अखेरीस स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या पाहणीवर आधारित शोधनिबंध अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केला. सहलेखकांत उल्हास कारंथ आणि नॉर्वेतले जॉन लिनेल यांच्यासारखे मुरलेले संशोधक होते. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकात वेगळी असते, त्यामुळे छायाचित्रांवरून एकेक जनावर ओळखता येते आणि पुन्हा-पुन्हा दिसणाऱ्यांच्या हिशेबावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. हा हिशेब सांगत होता, की दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे 4.8 प्रौढ बिबटे आहेत आणि सुमारे 5 तरस. याच भागात माणसांची घनता चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त होती, सलग जंगल नव्हते, आणि हरणासारखे रानटी भक्ष्यही नव्हते. म्हणजे ज्याला आपण अरण्य म्हणतो त्याची एकही खूण नसलेल्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला दहा मोठे मांसभक्षक नांदत होते. वाट चुकलेले एखाद-दुसरे जनावर म्हणून ही संख्या बाजूला सारता येत नाही. चुकलेला पाहुणा एवढ्या संख्येने, वर्षानुवर्षे, पिले वाढवत राहत नाही. हे बिबटे तिथलेच रहिवासी होते.

ते तिथले कसे झाले, याचे उत्तर निसर्गाइतकेच जिल्ह्याच्या अर्थकारणात आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले आणि कालव्यांनी खालचे कोरडवाहू खोरे भिजवायला घेतले. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या मागोमाग जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. कारखाना आला की ऊस आला. ऊस बारा महिने, आणि आडसाली असेल तर दीड वर्षापर्यंत शेतात उभा राहतो. माणसाच्या उंचीहून वाढलेला, दाट, आतून गार, जवळ पाणी असलेला आणि तोडणीपर्यंत ज्यात सहसा कोणी शिरत नाही असा हा आडोसा आहे. बिबट्याला दिवसभर दडून राहायला याहून चांगली जागा कोणती? राहिला खाण्याचा प्रश्न. त्याचे उत्तर अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी विष्ठेच्या तपासणीतून शोधले. बिबट्याच्या आहारातला वजनी 87 टक्के वाटा पाळीव आणि गावाशी बांधलेल्या जनावरांचा निघाला. त्यातही सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, पण आहारात त्यांचा वाटा बराच कमी होता, कारण रात्री शेळी गोठ्यात असते आणि कुत्रे मोकळे. थोडक्यात, पाटबंधाऱ्याने आडोसा दिला, उकिरड्यावर वाढणाऱ्या कुत्र्यांनी शिकार दिली. बिबट्याने आपल्या जगात घुसखोरी केली असे म्हणण्याऐवजी, शंभर वर्षांच्या विकासाने नकळत त्याच्यासाठी घर बांधले, असे म्हणणे वस्तुस्थितीला जास्त धरून आहे.

या निष्कर्षाचे वजन कळण्यासाठी अरण्याच्या कल्पनेचा जगातला इतिहास थोडा आठवावा लागतो. अमेरिकेने 1964 मध्ये अरण्यसंरक्षणाचा कायदा केला तेव्हा त्यात माणूस हा अरण्यातला केवळ पाहुणा ठरवला गेला. तिथे राहणारा माणूस त्या व्याख्येत बसत नव्हता. रॉडरिक नॅश यांनी 1967 मध्ये या कल्पनेचा सविस्तर इतिहास लिहिला. 1989 मध्ये रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले, की ही व्याख्या उचलून भारतासारख्या देशात आणली तर तिचा भार गरिबांवर पडतो, कारण इथे जंगलात माणसे राहतात आणि जंगलावर जगतात. 1995 मध्ये विल्यम क्रोनन यांनी अमेरिकेतच प्रश्न उभा केला: निर्मनुष्य अरण्य ही मुळात शहरी मनाची निर्मिती तर नाही ना? गुहा आणि क्रोनन दोघेही इतिहासकार. त्यांनी माणसाच्या बाजूने, त्याच्या हक्कांच्या आणि समजुतींच्या बाजूने वाद घातला. अथ्रेया यांच्या कामाने त्या वादात नवा साक्षीदार उभा केला, तो म्हणजे खुद्द जनावर. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधलेल्या बिबट्यांचा त्यांचा आणि त्यांचे सहकारी मॉर्टन ऑडन यांचा अभ्यास 2014 मध्ये आला. दाट वस्तीत राहणारे तीन बिबटे रात्री घरांच्या अगदी जवळून फिरत. त्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी 20 टक्के नोंदी घरांपासून 25 मीटरच्या आतल्या होत्या; दिवसा हेच प्रमाण एका टक्क्याहून कमी. रात्री तासाला सरासरी 339 मीटर चाल, दिवसा जेमतेम 60. माणूस जागा असताना दडायचे आणि झोपला की फिरायचे, असे हे वेळापत्रक आहे. असे जनावर माणसाळलेले नसते. माणसाला टाळण्याचे त्याचे कसब शाबूत असते, आणि वन्यतेची याहून चांगली कसोटी सापडणार नाही.

हा केवळ तात्त्विक वाद असता तर विद्यापीठात मिटला असता. पण ‘जंगलात सोडा’ या कल्पनेची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. शेजारच्या जुन्नर वनविभागात 2001 च्या सुमारास बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूर नेऊन सोडण्याची मोहीम झाली. अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तिचा हिशेब मांडला. मोहिमेपूर्वी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, नंतर ते 17 वर गेले, आणि त्यातल्या प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुपटीने वाढून 36 टक्क्यांवर पोचले. याचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण देता येते. पिंजऱ्यात अडकलेले, माणसांच्या गर्दीत हाल सोसलेले जनावर अनोळखी मुलखात सोडले, की त्याला पाणी, आडोसा, शिकार, दुसऱ्या बिबट्यांच्या हद्दी यातले काहीच ठाऊक नसते. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या धरतो. भाडेकरू बदलला, खोली रिकामी राहिली नाही. शिवाय सोडलेले जनावर सोडल्या जागी थांबतेच असे नाही. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर इथे 2009 मध्ये विहिरीत पडलेला एक प्रौढ नर वाचवून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. संशोधकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले. महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत तो थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. 2011 च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. त्याच्यावर 2014 मध्ये सुजय डहाके यांनी मराठी चित्रपट केला, त्यामुळे ही कहाणी घरोघर पोचली. पण तिच्यातून घेण्याचा धडा भावनेचा नसून व्यवहाराचा आहे: ज्या जागेला आपण त्याचे घर समजून तिथे सोडतो, ती जागा त्याला घर वाटत नाही. केंद्र सरकारने 2011 मध्ये बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट स्थलांतराला नापसंती दर्शवली, त्यामागे या प्रकारचाच पुरावा होता.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. माणसे मरतात, त्याचे काय? अलीकडच्या वर्षांत जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात आणि नगर जिल्ह्यातही बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांचे जीव गेले आहेत. ज्या घरातले मूल गेले त्या घरासमोर सहजीवनाची भाषा बोलणे निर्दयपणाचे आहे. 2008 ची आकडेवारी आजच्या परिस्थितीला लागू पडते का, हा प्रश्नही रास्त आहे. अथ्रेया यांच्या निबंधात माणसांवरचे हल्ले त्या परिसरात विरळ होते असे म्हटले आहे, मुळीच नव्हते असे नाही. आणि लगतच्या भागात परिस्थिती बिकट होती हेही त्यात नोंदलेले आहे. पण या आक्षेपाने त्यांचा मुद्दा खोडला जात नाही, उलट जास्त निकडीचा होतो. बिबट्या निरुपद्रवी आहे, असा त्यांचा दावा कधीच नव्हता. प्रश्न हा आहे, की कोणत्या उपायाने मृत्यू कमी होतात? जुन्नरचा अनुभव सांगतो, की दिसेल तो बिबट्या पकडून दूर सोडल्याने ते वाढले. माणसावर पुन्हा-पुन्हा हल्ला करणारे विशिष्ट जनावर हटवणे हे वेगळे, आणि त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 मध्ये वाट ठेवलेली आहे. ते करताना कचरू नये. पण हल्ला एकाने केला आणि पिंजऱ्यात दुसराच सापडला, तर शिक्षा भलत्याला होते आणि धोका तसाच राहतो. संख्या आवरण्यासाठी नसबंदीचा पर्यायही आता चर्चेत आहे. तो तपासून पाहायला हरकत नाही; मात्र कोणत्याही उपायाचे यश पकडलेल्या बिबट्यांच्या आकड्यावर मोजू नये, वाचलेल्या माणसांच्या आकड्यावर मोजावे.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि माझ्या मते अथ्रेया यांच्या मांडणीची खरी परीक्षा तिथे होते. बिबट्या टिकावा असे वाटणारे लोक बहुतेक शहरात राहतात. तो टिकवण्याचा खर्च भरणारे प्रवरेच्या काठी राहतात. तिथेही सगळ्यांवर तो सारखा पडत नाही. बागायतदाराचे घर पक्के असते, गोठ्याला जाळी मारता येते. शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन कुटुंबाची एक शेळी गेली तर महिन्याचे गणित कोलमडते. तोडणीच्या हंगामात पाथर्डी-शेवगावहून, बीडहून येणारी ऊसतोड कुटुंबे फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्यांत राहतात; पहाटे अंधारात आईबाप फडात आणि मुले कोपीत किंवा बांधावर. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीची मिळते म्हणून शेतकरी रात्री दारे धरायला जातो, म्हणजे बिबट्याच्या वेळेत बिबट्याच्या वाटेवर त्याला सरकारी वेळापत्रक पाठवते. यातली एकही गोष्ट बिबट्याच्या स्वभावातून आलेली नाही. दिवसा वीज देणे, तोडणी कामगारांना दार असलेला निवारा आणि मुलांना पाळणाघर देणे, गोठे बंदिस्त करायला अनुदान देणे, वस्तीजवळचा उकिरडा आणि मोकाट कुत्री आवरणे, मेलेल्या शेळीचे पैसे हेलपाटे न घालता मिळणे, यातली बहुतेक कामे वनखात्याच्या हद्दीबाहेरची आहेत. वीज कंपनी, साखर कारखाना, ग्रामपंचायत, महसूल खाते यांच्या गळ्यात ती कोणी घालत नाही, कारण बिबट्या हा ‘जंगलाचा’ म्हणजे वनखात्याचा प्रश्न मानला जातो. चुकीच्या पत्त्याचा खरा तोटा हा आहे. प्रश्न ज्यांच्या दाराशी आहे त्यांच्या नावे तो लिहिलाच जात नाही.

तिसरा आक्षेप थोडा सौम्य आहे: सहजीवनाची ही कल्पना म्हणजे विज्ञानाच्या वेषातला जुना भाबडेपणा नव्हे का? अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाज वाघोबाला पुजतो, वाघबारस पाळतो. अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या वाघोबाच्या ठाण्यांचाही अभ्यास केला. त्यातून ‘आदिवासींना वाघाचे प्रेम’ असा गोड निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चूक आहे. वाघोबाची पूजा प्रेमातून आलेली नाही. ती धाकातून, व्यवहारातून आलेली आहे. मानपान दिला की त्याने गुरांना हात लावू नये, अशी ती बोली आहे, आणि बोली मोडली तर दोष कोणाचा यावरही बोलणे होते. दख्खनच्या धनगर दैवतांवर आयुष्य खर्ची घालणारे जर्मन अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर यांनी वन आणि क्षेत्र, म्हणजे रानटी मुलूख आणि वसलेली भूमी, यांच्या नात्याबद्दल जे मांडले ते इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते या दोन्ही जगांत सतत देवघेव चालते, देवही एकातून दुसऱ्यात जातात. परंपरेचे मोल तिच्यात जपलेल्या गृहीतात आहे: हिंस्र शेजारी असू शकतो, आणि शेजाऱ्याशी नियम ठरवावे लागतात. आधुनिक राज्यसंस्थेने नियम ठरवण्याऐवजी भिंत घालण्याचा मार्ग निवडला. नियम नव्याने ठरवायचे तर ते नवसाने होणार नाहीत, ते अनुदान, वीज आणि नुकसानभरपाईनेच होतील. वाघोबाचे ठाणे धोरणाची जागा घेऊ शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

चौथा आक्षेप निसर्गप्रेमींच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत अवघड आहे. जनावरे शेतातही जगतात असे एकदा म्हटले, की अभयारण्ये कशाला हवीत, असे विचारणारे तयारच असतात. याच जिल्ह्याचा दक्षिण भाग त्याचे उत्तर देतो. माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात कर्जत, श्रीगोंदा, नेवासा तालुक्यांतली गावे, शेते, रस्ते सगळे आले. कागदावर एवढे मोठे अभयारण्य आणि जमिनीवर त्याचा अर्थ एवढाच, की लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले. लोकांचा रोष वाढला, पुढे क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौरस किलोमीटर केले गेले, आणि माळढोक तर जवळजवळ गेलाच. देशात तो आता दीडशेहून कमी उरला आहे आणि बहुतेक राजस्थानात. कारण माळढोकाला लागतो उघडा, विरळ गवताचा माळ. ज्या पाण्याने आणि उसाने उत्तरेत बिबट्याला घर दिले, त्याच पाण्याने आणि उसाने दक्षिणेत माळढोकाचे घर बुडवले. उलट कर्जतजवळ रेहेकुरीच्या जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात काळवीट टिकून आहेत. म्हणून अकोल्याच्या खोऱ्यातला धडा सगळीकडे उचलून लावणे चूक ठरेल. बिबट्या मिळेल ते खाणारा, मिळेल तिथे दडणारा प्राणी आहे. माळढोक तसा नाही. एकाला शेतकऱ्याशी करार हवा, दुसऱ्याला माळ राखून हवा, आणि तो राखायचा तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारणाऱ्या धनगराला बरोबर घेऊनच. अभयारण्य हवे की नको हा प्रश्नच त्यामुळे फसवा ठरतो. कोणत्या प्राण्याला नेमके काय लागते आणि ते देताना कोणाचे काय जाते, हे दरवेळी वेगळे मोजावे लागते.

अथ्रेया यांच्या कामाचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे योगदान ही मोजण्याची शिस्त आहे. त्यांनी अरण्याबद्दल लिहिले ते अरण्याची थोरवी गाऊन नव्हे, तर अरण्य नसलेल्या जागी जाऊन तिथे काय आहे हे दाखवून. त्यातून निघणारी जबाबदारी मात्र अभ्यासकाची नाही. बिबट्या प्रवरेच्या खोऱ्यातला रहिवासी आहे हे एकदा कबूल केले, की तो तिथे आहे म्हणून होणारा खर्च हा त्या खोऱ्यातून साखर, वीज आणि पाणी घेणाऱ्या सगळ्यांचा सामायिक खर्च ठरतो. गाळप झालेल्या प्रत्येक टनामागे थोडी रक्कम तोडणी कामगारांच्या निवाऱ्यासाठी आणि शेतकऱ्यांच्या गोठ्यांसाठी बाजूला काढणे अशक्य नाही. कारखान्याच्या हिशेबात यापेक्षा मोठ्या कपाती रोज होतात. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी तर बिबट्याचेही निमित्त लागू नये. हे होत नाही तोवर सहजीवन हा शब्द शेतकऱ्याला उपदेशासारखा ऐकू येईल आणि पिंजऱ्याची मागणी त्याला एकमेव हक्काची वाटेल. ती मागणी चुकीची आहे हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. तिच्याऐवजी दुसरे काही हाती देणे हे काम राजकारणाचे आहे, आणि ते अजून सुरूही झालेले नाही.